आमची वाटचाल : गप्पीचे वाण आणि भुसावळचं बोअरचं पाणी

"गप्पी? ते आरोग्य खात्यावाले गटारीत सोडता, तेच ना?" धंदा सांगितला की गावात हमखास हाच प्रश्न. हो, डासांच्या अळ्या खाणारे तेच छोटे मासे. आमच्यांना शेपटी जरा मोठी.

आधी शोभेच्या माशांचं नुसतं दुकान होतं. कुर्ल्याहून नाहीतर रेल्वेने कोलकात्याहून माल मागवायचा आणि विकायचा. मे महिन्यात इकडे पारा 45 च्या वर जातो. तापलेल्या पाण्यात ऑक्सिजन कमी राहतो, पिशवी फोडेपर्यंत निम्मा माल गेलेला. म्हणून मळ्यातच शेडनेटखाली सिमेंटचे हौद बांधले. बोअरचं पाणी जड, म्हणजे क्षारांचं. एंजल माशाच्या पैदाशीला ते सोसत नाही, गप्पीला मात्र मानवतं. तेव्हा गप्पीच धरला.

मासे वाढले भराभर, रंग टिकेना. बाबांना हे पटायचं नाही. टिश्यू कल्चरच्या, म्हणजे प्रयोगशाळेत वाढवलेल्या केळीचं रोप हुबेहूब मूळ झाडासारखं. इथं एकाच मादीच्या पिल्लांत चार तऱ्हा! कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत (हो, बिअरवाल्यांचीच) योहानेस श्मिटने 1920 मध्ये दाखवलं, की गप्पीच्या पाठीच्या परावरचा एक काळा ठिपका फक्त बापाकडून मुलाकडे जातो, म्हणजे तो फक्त नरात असणाऱ्या वाय गुणसूत्रावर बसलेला असतो. 1922 मध्ये विंगे या डॅनिश आनुवंशिकी-शास्त्रज्ञाने दाखवलं, की काही रंग नर-मादी दोघांतही असणाऱ्या एक्स गुणसूत्रावरही असतात. ते मादीत असतात, पण बहुतेक दिसत नाहीत. उठायला नराचं संप्रेरक (हार्मोन) लागतं. म्हणजे करडी, बिनरंगाची मादी मुलांना अर्धा वारसा देते आणि गिऱ्हाईक तिच्याकडे बघतही नाही. आम्ही सुटा नर देणं बंद केलं. एक नर आणि त्याच वाणाच्या दोन माद्या, असंच देतो. काही गिऱ्हाइकं तुटली, तुटू दे.

लाल डोळ्यांच्या अल्बिनोची, म्हणजे अंगात काळा रंग न बनणाऱ्या वाणाची, गंमत वेगळी. साध्या वाणाशी जोड लावली की पहिली पिढी सगळी साधी. लोक नाराज होऊन फोन करतात. त्याच भावंडांची जोड लावा, सरासरी चारात एक अल्बिनो निघेल.

खरी मेहनत नर-मादी वेगळे करण्यात. मादी एकदा नराला लागली की त्याचं बीज कित्येक महिने पोटात सांभाळते, पुढची वेतं त्याचीच निघू शकतात. त्यामुळे पिल्लं तीन आठवड्यांची झाली की पांढऱ्या वाडग्यात घेऊन बल्बखाली बघायची: पोटाच्या मागे काळसर डाग दिसला तर मादी, खालचा पर निमुळता व्हायला लागला तर नर. हे काम सौ. करतात. माझी नजर तिथं चालत नाही.

सध्या स्नेकस्किन (अंगावर सापाच्या कातडीसारखी नक्षी) आणि टक्सिडो (मागचं अर्धं अंग काळसर) हे दोन वाण चालू आहेत. ते एकमेकांत मिसळून दाखवा, असा आग्रह दुकानदार धरतात. त्यासाठी कोपऱ्यातला एक हौद वेगळा ठेवलाय, पण तिथला मासा विक्रीला नाही.