डूनच्या तटातल्या खिडक्या

रविवार, रात्र. स्टर्लिंग.

आज स्कॉटलंडमधला डूनचा किल्ला पाहिला. टीथ आणि आर्डॉक या दोन नद्यांच्या बेचक्यात आहे. दक्षिणेचा तट अजून डोक्यातून जात नाही. त्यात चांगल्या मोठ्या खिडक्या आहेत, पण त्यांच्या आत खोल्या नाहीत. त्या पडल्या असं नाही, बहुधा कधी बांधल्याच गेल्या नाहीत.

चौदाव्या शतकाच्या अखेरीस ऑल्बनीचा ड्यूक रॉबर्ट स्ट्यूअर्ट याने किल्ल्याला आजचं रूप दिलं. हा राजाचा भाऊ. १४०६ मध्ये पुतण्या जेम्स, म्हणजे गादीचा वारस, इंग्रजांच्या हाती सापडला, तेव्हापासून स्कॉटलंडचा कारभार यानेच पाहिला. मुकुट नव्हता, बाकी सगळं होतं, आणि ते दगडात दिसतं. दरवाजावरचा मनोरा जवळजवळ ३० मीटर उंच, त्यात ड्यूकचं स्वतःचं दालन. खालच्या वेशीतली लोखंडी जाळी तिथूनच ओढायची सोय. आत कोण येणार, हे धनी आपल्या शेकोटीजवळ उभा राहून ठरवू शकत होता! मोठ्या दिवाणखान्याला मात्र अंगणातून वेगळा जिना.

रॉबर्ट १४२० मध्ये गेला. जेम्स १४२४ मध्ये राजा म्हणून परतला आणि पुढच्याच वर्षी त्याने रॉबर्टच्या मुलाचं, मर्डोकचं, इथेच स्टर्लिंगला डोकं उडवलं. किल्ला राजाकडे गेला. त्या खिडक्यांमागचं बांधकाम याच उलथापालथीत राहून गेलं असावं, असं मला फार वाटतं.

मुदपाकखान्यात बराच वेळ रेंगाळले. चूल साडेपाच मीटर रुंद, अख्खा बैल मावेल अशी. शेजारून दिवाणखान्यात ताटं सरकवायला खिडक्या. दिवाणखान्यात भिंतीत शेकोटी नाही. जाळ मधोमध, जमिनीवरच असणार.

अठराव्या शतकाच्या अखेरीस छपरं गेली होती. १८८० च्या दशकात मोरे (Moray) या स्कॉटिश सरदार घराण्यातल्या चौदाव्या अर्लने मनोरा आणि दिवाणखान्यावर नवी छपरं घातली, ड्यूकच्या दालनाच्या भिंतींना लाकडी फळ्या बसवल्या. ते लाकूडकाम व्हिक्टोरियन आहे हे लगेच कळतं, आणि मला ते जरा जास्तच नटवं वाटलं. छपराबद्दल मात्र मी त्या अर्लची ऋणी आहे. वर आढं असल्यामुळेच दालनाची उंची, दुहेरी शेकोटीचा थाट, खालच्या वेशीशी असलेलं नातं नीट समजलं. आणि दक्षिण तटामागे त्याने काहीही उभं केलं नाही, हे तर त्याहून शहाणपणाचं केलं.