माळ्याच्या फळ्या सोडवताना

वाळवीने तुळया पोखरल्यामुळे गावच्या घराचा माळा उतरवावा लागला, तेव्हा त्यावरच्या फळ्या फोडून चुलीला लावाव्यात असेच बहुतेकांचे म्हणणे पडले. फळ्या मात्र फणसाच्या होत्या, चांगल्या सव्वा इंच जाडीच्या, आणि फणसाला वाळवी सहसा लागत नाही म्हणून शाबूत राहिलेल्या. त्या जाळणे मला सहन होईना. तुळयांना खालून टेकू देऊन मी स्वतःच त्या सोडवायला घेतल्या.

पहिल्याच दिवशी चूक झाली. दोन तुळयांच्या मधोमध पहार घालून मी जोर केला, तर खिळे जागचे हलले नाहीत आणि फळीच शिरेला धरून टोकापर्यंत उभी चिरली. त्या आवाजाने माझ्या पोटात कालवले. संध्याकाळी वाडीतल्या सुतारकाकांना बोलावून आणले. त्यांनी चिरलेली फळी हातात घेऊन पाहिली, पहार बाजूला ठेवायला लावली आणि चपट्या तोंडाची कटावणी, हातोडी, जंबूर व चार लाकडी पाचरी एवढेच सामान पुढे घेतले. "जोर खिळ्यापाशी लाव रे, फळीला कशाला छळतोस?" असे म्हणून ते स्वतः शिडीवर चढले.

जुना खिळा गंजून लाकडाला धरून बसलेला असतो, म्हणून ओढण्याआधी त्याच्या माथ्यावर एक नेमका ठोका देऊन तो केसभर आत सरकवायचा, म्हणजे गंजाची पकड सुटते. मग कटावणीचे तोंड खिळ्याला अगदी लागून, फळी आणि तुळई यांच्यामधल्या फटीत सारायचे आणि तिच्या वळणाखाली लाकडाचा ठोकळा ठेवून दांडा सावकाश दाबायचा. फळी अर्धा इंच उचलली की तिथे पाचर मारून पुढच्या खिळ्याकडे जायचे. एकच खिळा पूर्ण उपटत बसले, तर फळी दुसऱ्या खिळ्यापाशी फाटते. जे खिळे दाद देईनात, ते मी फटीतून हॅकसॉचे पाते घालून कापले.

खाली आणलेल्या फळ्यांचे खिळे काढण्यातच खरा वेळ गेला. फळी पालथी घालून खिळ्याचे वाकडे टोक सरळ करायचे, टोकाकडून ठोकून माथा दुसऱ्या बाजूने वर आणायचा आणि मग जंबुराने ओढायचा, असे सहा दिवस चालले. शेवटी प्रत्येक फळीवरून लोहचुंबक फिरवले, कारण आत तुटून राहिलेला एक खिळाही रंध्याच्या पात्याची धार घालवतो.

४१ फळ्यांपैकी ३६ धड निघाल्या. काकांनी पहिलीवर रंधा मारला तेव्हा धुराने काळवंडलेल्या थराखालून हळदीसारखा पिवळा रंग वर आला, आणि मी शेजाऱ्यांना हाका मारून तो दाखवला. खिळ्यांच्या भोकांभोवती गंजाची काळी वर्तुळे तेवढी राहिली आहेत. ती लांबी (पुट्टी) भरून बुजवायची नाहीत, असे मी काकांना सांगितले आहे.