त्याने किती वेळा सांगायचं?

"मुलगा आहे, विसरून गेला असता. त्याला कोर्टात कशाला उभं केलंत?" हा प्रश्न मला नातेवाइकांनी विचारला, सोसायटीतल्या लोकांनी विचारला, आणि ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेतलं लहान मुलींवरच्या लैंगिक अत्याचाराचं प्रकरण झाल्यापासून अनोळखी आईबापही विचारतात. त्यांच्यातल्या काहींवर तीच वेळ आलेली असते, ते आवाजावरून कळतं. तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो. आम्ही ठाण्यात राहतो, एवढं पुरे. त्याचं नाव, शाळा, आमचा भाग सांगणार नाही.

त्याने पहिल्यांदा सांगितलं ते आईला, ती पोळ्या लाटत असताना, तिच्या पाठीशी उभं राहून. ती वळली नाही, लाटत राहिली. वळले असते तर तो तिथेच थांबला असता, असं ती अजून म्हणते. क्लासचे सर. चार महिने.

दुसऱ्या दिवशी मी क्लासच्या मालकांकडे गेलो. ते म्हणाले, "त्याला इथे आणा, आमच्यासमोर एकदा सांगू दे, मग बघू." घरी भावकीतले दोघं आले, त्यांनाही त्याच्याच तोंडून ऐकायचं होतं. सगळे हेच म्हणत होते: आधी आम्हाला सांगू दे. मी कोणासमोरही बसवलं नाही. मालकांना चौकशीचा अधिकारच नव्हता. पॉक्सो, म्हणजे लैंगिक गुन्ह्यांपासून मुलांना संरक्षण देणाऱ्या कायद्याच्या कलम १९ प्रमाणे त्यांनी पोलिसांना कळवायला हवं होतं. संस्थेच्या प्रमुखाने हाताखालच्या माणसाचा असा गुन्हा दडवला, तर कलम २१ मध्ये एक वर्षापर्यंत कैद आहे. हे मला तेव्हा माहीत नव्हतं. पोराला तमाशा करून दाखवायचा नाही, एवढंच कळत होतं.

पोलीस ठाण्यात आम्हाला दुपारपासून रात्रीपर्यंत बाकावर बसवलं. तिथल्या एकाने "मुलगाच ना?" असं विचारलं, ते मी विसरलेलो नाही. २०१२ चा हा कायदा मुलगा आणि मुलगी यांत फरक करत नाही. केंद्र सरकारच्या २००७ च्या पाहणीत लैंगिक त्रास झाल्याचं सांगणाऱ्या मुलांमध्ये निम्म्याहून थोडे जास्त मुलगेच होते. तरी आपल्याकडे मुलग्याच्या बापाला पहिला सल्ला मिळतो तो गप्प बसण्याचा.

रात्री एका वकील बाईंनी फोनवर सांगितलं, "जबाब घरी घ्यायला सांगा. महिला अधिकारी, साध्या कपड्यांत. कलम २४ म्हणा." मी म्हटलं. दुसऱ्या दिवशी एक महिला उपनिरीक्षक पंजाबी ड्रेसमध्ये घरी आल्या, त्याच्या कॅरम बोर्डाशेजारी जमिनीवर बसल्या. तो बोलला. ज्या कायद्याची आदल्या दिवशी कोणी आठवणही काढली नव्हती, तो एका कलमाचा आकडा उच्चारल्यावर घरी चालत आला.

तेव्हापासून माझी लढाई एकाच हिशोबाची झाली: त्याला अजून किती वेळा सांगावं लागणार? आईला एकदा, पोलिसांना एकदा. दवाखान्यात डॉक्टरांना, तेव्हा मी शेजारी होतो. मग मॅजिस्ट्रेटपुढचा जबाब, ज्याला जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतल्या कलमावरून सगळे '१६४' म्हणत. तिच्या जागी आलेल्या नव्या संहितेत तो १८३ झालाय. आणि शेवटी कोर्टात. बाकी जो कोणी विचारेल त्याला मी उत्तर देत होतो.

बालकल्याण समितीने सपोर्ट पर्सन म्हणून, म्हणजे तपासात आणि खटल्यात मुलाच्या सोबतीला, एक ताई दिल्या. त्या नसत्या तर आम्ही बहुधा खचलो असतो. साक्षीच्या आधी त्यांनी त्याला ठाण्याच्या कोर्टात नेऊन रिकामी खोली दाखवली: जज मॅडम इथे बसतील, तू इथे, मध्ये पडदा असेल, ते सर तुला दिसणार नाहीत. कंटाळलास तर सुट्टी माग, मिळते. कलम ३३ प्रमाणे वकिलाने प्रश्न न्यायाधीशांना द्यायचे आणि मुलाला ते न्यायाधीशांनीच विचारायचे. आरोपीच्या वकिलांनी एकदा थेट विचारायला सुरुवात केली, तेव्हा सरकारी वकील लगेच उठले. जज मॅडमनी प्रश्न स्वतःच्या शब्दांत, हळू आवाजात विचारला.

साक्ष खटला दाखल करून घेतल्यापासून तीस दिवसांत व्हावी आणि खटला शक्यतो वर्षात संपावा, असं कलम ३५ म्हणतं. आमची साक्ष दीड वर्षाने झाली, निकाल चार वर्षांनी. माझा खरा राग ह्यावर आहे. दर तारखेच्या आदल्या रात्री तो जेवायचा नाही, आणि सकाळी कोर्ट नाक्यावर कळायचं, तारीख पुढे गेली. कोर्टाने पोराला इजा केली का असं विचाराल, तर ह्या रिकाम्या तारखांनी केली. साक्षीने नाही.

साक्षीच्या दिवशी रिक्षात बसल्यावर त्याने विचारलं, "मी बोललो ते त्यांनी लिहून घेतलं?"

"सगळं. जज मॅडम एकेक वाक्य सांगून टाइप करून घेत होत्या."

"मग आता मी विसरलो तरी चालेल?"

मी हो म्हटलं. तो विसरलेला नाही. पण लक्षात ठेवण्याचं काम त्याच्या अंगावरून उतरलं, ते मी त्या रिक्षात पाहिलं. घरीच मिटवलं असतं तर ते त्याला एकट्याला आयुष्यभर करावं लागलं असतं.

शिक्षा झाली. हायकोर्टात अपील आहे. तारीख लागली की मी सकाळची लोकल पकडून जातो, मागच्या बाकावर बसतो. तो येत नाही, त्याला आता कोणी बोलावत नाही. त्याची यंदा दहावी आहे.