किमान देय रकमेचे समाधान

रविवार. दुपारी भाच्याने क्रेडिट कार्डाचे विवरण दाखवायला आणले. चिंतेची छटाही त्याच्या चेहऱ्यावर नव्हती. उलट, "मामा, मी आजवर एकदाही तारीख चुकवलेली नाही," असे त्याने थोड्या अभिमानानेच सांगितले आणि ते खरेही होते. एकूण देय ६०,००० रुपये, किमान देय ३,००० रुपये, आणि दरमहा ही दुसरी रक्कम खात्यातून आपोआप वळती होत होती.

कागद घेऊन बसलो. महिन्याला साडेतीन टक्के दराने व्याज २,१०० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटीचे ३७८, म्हणजे भरलेल्या तीन हजारांतून मुद्दल फिटली अवघी ५२२ रुपये. शिवाय मागील बाकी पूर्ण न भरल्यामुळे नव्या खरेदीवरची व्याजमुक्त मुदतही गेलेली, त्यामुळे परवा कार्डावर भरलेल्या वाणसामानालाही पहिल्या दिवसापासून व्याज लागू.

हा मुलगा उधळ्या नाही, हे मला मुद्दाम नोंदवून ठेवावेसे वाटते. देणे वेळेवर द्यावे हा आमच्या घरचा संस्कार त्याने पाळला. फक्त किती द्यायचे ते बँकेने ठरवले आणि त्या आकड्याने त्याच्या मनाची टोचणी परस्पर शमवली. ब्रिटनमधील मानसशास्त्रज्ञ नील स्टुअर्ट यांनी २००९ मध्ये दाखवून दिले होते की बिलावर किमान रक्कम छापलेली असली की, पूर्ण बिल न भरणारे लोक ती नसताना भरले असते त्यापेक्षा कमी पैसे भरतात. ग्राहकाच्या संरक्षणासाठी ठेवलेली खालची मर्यादा त्याला शिफारशीसारखी वाटू लागते.

अंथरूण पाहून पाय पसरावेत हा उपदेश माझ्या ओठांवर आला होता, पण मी तो गिळला. दिलीप सोमण आणि अमर चीमा यांच्या २००२ मधील संशोधनानुसार कार्डाची मर्यादा वाढली की, विशेषतः नवख्या ग्राहकाला, आपली पुढची कमाईही तेवढी असणार असे वाटू लागते. अर्थात अंथरुणाचे मापही हल्ली सावकारच घेतो.

किमान रक्कमच भरत राहिल्यास परतफेड वर्षानुवर्षे लांबेल, असा इशारा रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार त्या विवरणावर होता, पण बारीक अक्षरांत. अमेरिकेत २००९ च्या कायद्यापासून, तीन वर्षांत बाकी फेडायची तर महिन्याला किती भरावे लागेल हेही बिलावर छापतात, आणि मला तो उपाय इशाऱ्यापेक्षा कितीतरी उपयोगी वाटतो, कारण आकड्याने घातलेली भूल शब्दांनी उतरत नाही, त्याला दुसरा आकडाच लागतो. आम्ही तो काढला: कार्ड बाजूला ठेवून महिन्याला साधारण ६,४५० रुपये भरले तर वर्षभरात बाकी शून्य. भाच्याने बँकेच्या ॲपमध्ये तेवढ्याच रकमेची सूचना नोंदवली आणि चहा घेता घेता, हा आकडा विवरणावर का छापत नाहीत, असे विचारले.