अल्कात पाणी ओतले की सामू किती उतरतो?

अल्काच्या द्रावणात पाणी घातले की त्याचा सामू (pH, म्हणजे आम्लता-अल्कता दाखवणारा अंक; शुद्ध पाण्याचा ७, अल्काचा त्याहून जास्त) ७ च्या दिशेने उतरतो, एवढे बहुतेकांना ठाऊक असते. पण किती उतरतो असे विचारले, की ‘पाणी दुप्पट केले तर सामू निम्मा’ अशा धर्तीचे उत्तर हमखास मिळते. डॅनिश रसायनशास्त्रज्ञ सोरेन्सन यांनी १९०९ मध्ये कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत काम करताना मांडलेली सामूची ही मोजपट्टी दहाच्या घातांवर बेतलेली आहे, त्यामुळे सामूतील एका अंकाच्या फरकामागे हायड्रोजन आयनांच्या (विद्युतभारित कणांच्या) प्रमाणातील दहापट फरक दडलेला असतो.

लिटरमध्ये ०.१ मोल (मोल हे रसायनशास्त्रातील पदार्थाच्या राशीचे एकक) कॉस्टिक सोडा असलेल्या द्रावणाचा सामू सुमारे १३ असतो. त्यात तेवढेच पाणी मिसळले तर तो १२.७ वर येतो, आणि पूर्ण १२ वर आणायचा असेल तर एका लिटरचे दहा लिटर करावे लागतात. याच हिशेबाने ८ गाठायचे म्हटले तर एका लिटरला एक लाख लिटर पाणी, म्हणजे दहा हजार लिटरचे दहा टँकर लागतील. सांडलेल्या अल्कावर भरपूर पाणी ओतणे योग्यच आहे, पण त्याने अल्क पसरून सौम्य होतो, त्याचे उदासिनीकरण होत नाही. त्यासाठी आम्लच लागते.

कितीही पाणी घातले तरी निव्वळ पाण्यामुळे सामू ७ च्या खाली जात नाही. मूळ द्रावण एक कोटी पट विरल केले तर आकडेमोडीत ६ हे उत्तर येते, जे उघडच अशक्य आहे. चूक अशी, की इतक्या विरल द्रावणात पाण्याचे स्वतःचे हायड्रॉक्साइड आयन (द्रावणाला अल्कता देणारे) सोड्याच्या आयनांपेक्षा जास्त असतात आणि ते मोजायचे राहून जातात. ते धरले की २५ अंश सेल्सिअसला उत्तर ७.०२ येते.

अमोनियासारख्या सौम्य आम्लारीचा, म्हणजे ज्याचे थोडेच रेणू पाण्यात आयन देतात अशा अल्काचा, सामू दहापट विरलनाने अंकभरही उतरत नाही. ०.१ मोलच्या द्रावणाचा ११.१ असतो, तो १०.६ वर येऊन थांबतो, कारण पाणी वाढले की अमोनियाचे आणखी काही रेणू आयनांत रूपांतरित होतात आणि घट अंशतः भरून काढतात.

मला सर्वांत रंजक वाटते ती चुन्याची निवळी. चुना पाण्यात फारच थोडा विरघळतो, लिटरला जेमतेम पावणेदोन ग्रॅम, आणि संपृक्त निवळीचा सामू सुमारे १२.४ भरतो. भांड्याच्या तळाशी पांढरा साका शिल्लक असेपर्यंत वरून पाणी ओतून ढवळले तरी थोड्या वेळाने सामू पुन्हा तेथेच येतो, कारण साक्यातला चुना विरघळून तूट भरून काढतो. तीच निवळी गाळून घेऊन दहापट विरल केली, तर मात्र सामू साधारण ११.६ पर्यंत उतरतो.

हे सारे आकडे शुद्ध पाण्याचे आणि झाकलेल्या भांड्यातले आहेत. निवळी उघडी ठेवली की हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमुळे तिच्यावर कॅल्शियम कार्बोनेटची पातळ, ठिसूळ साय धरते. अतिविरल अल्कात फेनॉल्फ्थॅलीन या दर्शकाचा गुलाबी रंगही याच कारणाने काही वेळात फिका पडत जातो, आणि नुसते ऊर्ध्वपातित पाणी उघडे राहिले तर त्याचा सामू ५.६ च्या आसपास जातो. विरलनासाठी नळाचे पाणी घेतले तर त्यातील बायकार्बोनेटही हायड्रॉक्साइडशी अभिक्रिया करते, म्हणून शेवटी सामू त्या पाण्याच्या मूळ सामूकडेच झुकतो.