समासातली वचने

मंगळवार, रात्री

आज कोर्टातून लवकर सुटका झाली, म्हणून गेले काही दिवस अर्धवट राहिलेले अदाम व्हेतुलानी यांच्यावरील वाचन पुरे केले. १९०१ साली पोलंडमधील सानोक या गावी जन्मलेल्या आणि क्राकूवच्या यागिएलोनियन विद्यापीठात चर्चच्या कायद्याचा इतिहास शिकविणाऱ्या या प्राध्यापकांनी जन्मभर ज्या ग्रंथाचा पिच्छा पुरविला, तो म्हणजे ११४० च्या सुमारास इटलीतील बोलोन्यात सिद्ध झालेला, ग्राशियन नावाच्या संकलकाचा चर्चच्या नियमांचा संग्रह. त्याच्या मधल्या भागात ३६ कल्पित खटले आहेत, आणि आम्हा वकिलांना तोच भाग आपला वाटतो.

चौतिसाव्या खटल्यापाशी मी बराच वेळ थांबलो. नवरा युद्धात कैद होतो, तो मेला असे समजून बायको दुसरे लग्न करते, आणि मग पहिला परत येऊन तिला मागतो. पाचव्या शतकातील पोप लिओचे वचन पुढे करून ग्राशियन तिला पहिल्याकडे परत पाठवितो. (सात वर्षे खबर नसली की माणूस मेला असे धरण्याचा आपल्याकडचा हिशेब तेथे चालला नसता.) व्हेतुलानी स्वतः १९४० च्या जूनमध्ये फ्रान्समधून माघार घेणाऱ्या पोलिश तुकडीबरोबर स्वित्झर्लंडमध्ये शिरले आणि युद्ध संपेपर्यंत तेथेच स्थानबद्ध राहिले, पत्नी आणि दोन लहान मुलगे जर्मनव्याप्त क्राकूवमध्ये. छावणीतल्या सैनिकांना ते शिकवीत. पुढे वर्गात हा खटला शिकविताना त्यांच्या मनात काय येत असेल, असे मला उगीचच वाटून गेले.

परतल्यावर लगेच, १९४६-४७ मध्ये, त्यांनी आपला मुद्दा मांडला: या संग्रहातील रोमन कायद्याची वचने ग्राशियनच्या मूळ रचनेतली नव्हेत, ती मागाहून घातलेली आहेत. आधार हस्तलिखितांचा. छापील प्रतीत जी वचने सलग मजकुरात बसलेली दिसतात, तीच काही जुन्या प्रतींत मुळीच नाहीत, किंवा समासात कोंबलेली आहेत. उमेदवारीच्या काळात मी सीनियरांच्या कायद्याच्या पुस्तकांत दुरुस्तीच्या चिठ्ठ्या खळीने चिकटवीत असे. तीच पुस्तके नव्या आवृत्तीत छापून आली की जोड कोठे होता हे मलासुद्धा सांगता येत नसे; येथे तर मध्ये आठशे वर्षे आहेत.

व्हेतुलानी १९७६ साली गेले. त्यानंतर वीस वर्षांनी अँडर्स विनरॉथ या संशोधकाने मोजक्या हस्तलिखितांतून संग्रहाची पहिली, जवळजवळ निम्म्या आकाराची आवृत्ती वेगळी काढून दाखविली, आणि तीत रोमन कायदा नाममात्रच निघाला. मात्र ग्राशियनला बाराव्या शतकाच्या अगदी आरंभाकडे नेण्याचा व्हेतुलानींचा आग्रह टिकला नाही, कारण त्या पहिल्या आवृत्तीतच ११३९ साली रोममध्ये भरलेल्या चर्चच्या लॅटरन परिषदेचा मागमूस सापडतो. जोड अचूक ओळखणाऱ्या माणसाचा काळाचा अंदाज इतका चुकावा, याची मला थोडी चुटपुट लागली.

झोपण्यापूर्वी सीनियरांकडून माझ्याकडे आलेली साक्षीपुराव्याच्या कायद्याची प्रत कपाटातून काढली. खळ सुकून एक चिठ्ठी सुटली होती. तिच्याखालचे जुने कलम वाचले आणि चिठ्ठी होती तेथेच परत ठेवली.