जुनी कॅटालिना आणि तिची डोलकाठी

अटलांटाच्या उत्तरेला लेक लॅनियर आहे. तिथल्या एका यार्डात १९७८ ची कॅटालिना २२ ही शिडाची बोट ट्रेलरसकट धूळ खात पडली होती, ती मी घेतली. या बोटी १९६९ पासून कॅलिफोर्नियात बनू लागल्या आणि हजारोंनी खपल्या, त्यामुळे सुटे भाग आजही मिळतात. पहिली जुनी शिडाची बोट घ्यायची तर अशीच घ्यावी. दुर्मीळ बोटींचा नाद ज्यांना परवडतो त्यांनी करावा.

बाहेरून ती नुसती मळकी दिसत होती. खरं दुखणं डेकमध्ये होतं. फायबरग्लासच्या दोन थरांमध्ये प्लायवूड असतं आणि स्क्रूंच्या भोकांतून त्यात वर्षानुवर्षं पाणी मुरतं. स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने ठोकत गेलं की चांगल्या जागी खणखणीत आवाज येतो, कुजलेली जागा बद्द वाजते. पुढचा बराच भाग बद्द वाजला. वरचा थर कापून काढला तर खाली काळा चोथा. मुठीत दाबला की पाणी निथळायचं. तो सगळा खरवडून, आत पुरतं वाळू देऊन नवं प्लायवूड इपॉक्सीत बसवलं. जॉर्जियाच्या उन्हाळ्यात हे काम सकाळी लवकरच उरकावं. दुपारी मगमध्ये कालवलेलं इपॉक्सी बघता बघता तापतं, धुरायला लागतं आणि ब्रशसकट दगड होतं. पसरट ट्रेमध्ये ओतलं तर जरा सवड मिळते.

बोटीखालची बिडाची किल, म्हणजे तिला तोलून धरणारं पाण्यातलं जड पातं, जवळपास २५० किलोची. ती वायरवर वरखाली होते. ती वायर आणि किलची पिन न बघताच बदलली, त्यात विचार करण्यासारखं काही नव्हतं.

डोलकाठीला ताणून धरणाऱ्या वायरींवर मात्र वेळ घालवला. स्टीलच्या १९ तारा पिळून एक वायर होते. जुनं सुती फडकं वरपासून खालपर्यंत फिरवायचं. जिथे धागा अडकतो तिथे एक तार तुटलेली असते. नुसता हात फिरवला तर रक्त निघतं. माझ्या दोन वायरींवर फडकं अडकलं, मी सगळ्याच बदलून टाकल्या.

मग डोलकाठी. २५ फुटांची, ॲल्युमिनियमची. मंडळातली चार पोरं मदतीला आली, त्यातले दोघे ढोल पथकातले. "दादा, ही तर आम्ही दोघं खांद्यावर उचलू!" वजन उचललंही असतं, पण खरी भीती ती आडवी कलंडण्याची. डोलकाठीची बिजागरी केबिनच्या छपरावर आणि बाजूच्या वायरींची टोकं खाली डेकवर, त्यामुळे काठी पूर्ण उभी होईपर्यंत त्या वायरी ढिल्याच राहतात. शिवाय वायरीच्या टोकाचा टर्नबकल, म्हणजे ताण कमीजास्त करायचा आट्यांचा जोड, कुठे आडवा अडकला तर सरळ वाकतो.

म्हणून प्रत्येकाला एकेक काम दिलं. दोघे जमिनीवर, दोन्ही बाजूंच्या टर्नबकलवर नजर ठेवून. एक कॉकपिटमध्ये, म्हणजे मागच्या बसायच्या खोलगट जागेत, काठीला खांदा देऊन. एक विंचवर, म्हणजे दोर ओढणाऱ्या रहाटावर. काठी आडवी असताना पुढून नुसता दोर ओढला तर ती उचलली जात नाही, बिजागरीवरच दाबली जाते. म्हणून बुंध्याशी सहा फुटांचा दांडा उभा करून दोर त्याच्यावरून घेतला. चाकांना ठोकळे लावले, वर विजेच्या तारा नाहीत ना हे बायकोने फिरून पाहिलं. हे शेवटचं कधीच टाळू नये. बोलायचं मी एकट्यानेच, पण "थांब" कोणीही ओरडू शकतो असं ठरलं.

अर्ध्या वाटेत डावीकडून "थांब!" आलाच. टर्नबकल खिडकीच्या चौकटीत अडकला होता. सोडवला, आणि पुढची चढण सोपी गेली. सुरुवातीचा चढच जड, नंतर काठी जवळजवळ स्वतःहून उभी राहते. पुढची वायर पिनेत घातली, पिनेला कॉटर पिन लावून टोकं दुमडली, आणि मगच कॉकपिटमधल्या पोराने खांदा काढला.

पाण्यात गेल्यावर एक नवीन आवाज सुरू झाला. वेग वाढला की बोटीच्या पोटातून घूंऽऽ. पोरं घाबरली. ती किलची वायर पाण्यात थरथरते, या जातीच्या बोटींचा तो जुना आजार आहे. किल खाली सोडल्यावर वायर ताणून बसवली की कमी होतो म्हणतात. पुढच्या शनिवारी तेच करून बघणार आहे.